खोट्या कौलाचा पत्ता

दांडी, मालवण
११ मार्च २०१०

दादा,

मायना घातलेला नाही, मुद्दाम. ई-मेल तुझ्या ऑफिसातली सगळी माणसं वाचतात आणि फोन लावला की आई शेजारी येऊन उभी राहते, म्हणून टपालाने लिहिते आहे.

तुझ्या ‘दर्यो’ खेळाची नवी सीडी मिळाली. आधी घरी खेळून पाहिली, मग सर्वेशच्या सायबर कॅफेत मुलांना खेळायला लावलं. टेस्टिंगचं काम मी घेतलं आहे, तेव्हा ते नीट करणार. राग आला म्हणून अर्धं टाकणार नाही.

आधी जे चांगलं आहे ते. कुर्लीला तू नवा गुण दिलास, शेजारच्या पत्त्याशी जागा बदलण्याचा. तो मला फार आवडला. कुर्ली आडवीच चालते. त्या एका गुणाने सगळा डाव बदलला. पूर्वी मधला पत्ता कोणता ते सुरुवातीलाच विचारून ठेवलं की मी निर्धास्त असायची. आता विचारल्यावर कुर्ली सरकली तर ते उत्तर शिळं. म्हणून मी प्रश्न राखून ठेवायला शिकले, आणि विचारला की लगेच हल्ला. तारलीच्या थव्याचंही तसंच. एकटी तारली म्हणजे काहीच नाही, पण तीन जमल्या की सरंग्याला पळवतात. लहान पत्ते आधी फेकून द्यायची माझी खोड त्यामुळे गेली. तू हुशार आहेस, हे मी कधी नाकारलेलं नाही.

आता खोटा कौल.

तुला आपले नियम आठवत नसावेत, म्हणून लिहिते. दम्यामुळे पहिली-दुसरीला मी शाळेत गेलेच नाही. आईने घरी शिकवलं, आणि तू कॅलेंडरचे पुठ्ठे कापून त्यांवर मासे काढलेस. बांगडो, मोरी, सरंगो हे मी वाचलेले पहिले शब्द. दोघांनी तीन-तीन पत्ते पालथे मांडायचे, ते पाण्यात. हातातल्या पत्त्याने समोरचा एक पालथा पत्ता मारायचा. मोठा मासा लहानाला खातो, मोरी म्हणजे शार्क सगळ्यांत मोठी, पण तिला कुर्ली चावते, म्हणून आंधळेपणाने मारण्यात धोका. मारण्याआधी कौलाचा पत्ता टाकला तर समोरच्याला एक प्रश्न विचारता येतो, देवळात देवाला विचारतात तसा. त्याने तोंडाने बोलायचं नाही. पत्ता उजवीकडे ठेवला तर होय, डावीकडे ठेवला तर नाही. उजवी उत्तर देणाऱ्याची धरायची, कारण देवळात देवाची धरतात, बघणाऱ्याची नाही. हे आईने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आणि कौलाला खोटं द्यायचं नाही. बाकी सगळा खेळ कपटाचा होता. पत्ते लपवायचे, चेहरा लपवायचा. एवढी एकच जागा खरी होती.

तीच तू काढलीस. आता ज्याच्या हातात ‘खोटा कौल’ असेल त्याने आपला एक पत्ता टाकून द्यायचा आणि उलटं उत्तर द्यायचं. विचारणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

कॅफेत पहिल्या दिवशी मुलं हसली. त्यानंतर कुणी कौल लावेचना. सगळ्यांनी हातात मोऱ्या भरल्या आणि धडाधड मारत सुटले. मी सर्वेशला म्हटलं, अरे, एकदा तरी विचारून बघ. तर म्हणतो, “इचारून काय उपेग गो वर्षाली? दिलेला उत्तर खरा काय खोटा, ता इचारूक आणि एक पत्तो व्हयो!”

हा पत्ता काढून टाक.

दुसरं. होडी विकायची का, ते लवूला सांगायचं आहे. त्याने वेंगुर्ल्यात एक होडी बघून ठेवली आहे, पण त्याला आपली हवी आहे. अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो म्हणाला. आई म्हणते, त्यात सांगायचं काय, माझ्या प्रितेशने उजवी दिली आहे, तो येणार, होडी विकायची नाही. पण फोनवर मी विषय काढला की तू पुण्यातल्या हवेबद्दल बोलतोस.

वर्षाली

२९ मार्च २०१०

दादा,

तुझं ई-मेल मिळालं. “खेळ आहे गं. लोकांना ब्लफ आवडतो. टेस्टर म्हणून लिही, बहीण म्हणून नको.” होडीबद्दल एक अक्षर नाही.

बरं. आधी टेस्टर म्हणून लिहिते.

तुझं म्हणणं असं, की खोटं फुकट नाही, त्यासाठी एक पत्ता गमवावा लागतो, म्हणून डाव समतोल राहतो. राहत नाही. मी खोटा कौल हातात घेऊन बसले आणि तो एकदाही वापरला नाही, तरी जिंकले. माझ्याकडे तो असू शकतो, एवढं समोरच्याला ठाऊक होतं. माझी खरी उत्तरं तो उलटी धरत गेला आणि आपणहून माझ्या मोरीच्या तोंडात आला. किंमत खोटं बोलल्यावर मोजावी लागते. फायदा मात्र खोटं बोलता येतं, एवढ्यानेच मिळतो. तुझ्या ऑफिसातल्या कुणाच्या हे लक्षात आलं का?

आणखी एक, कारण ते लपवलं तर अहवाल पुरा होणार नाही. जिंकताना मला मजा आली.

आता बहीण म्हणून.

गेल्या चतुर्थीला जेवणं झाल्यावर तू, मी आणि आई जुने पत्ते घेऊन बसलो होतो. आईने तुझ्यावर कौल टाकला आणि म्हणाली, “पाण्यात काय आसा ता नको माका आज. होडी ठेवू मा रे, प्रितेशा?” मी हसले. तू हसला नाहीस. हा प्रश्न तिने हवेतून काढलेला नव्हता. पुण्यात जीव रमत नाही, नोकरी सोडतो, होडी दुरुस्त करून पर्यटकांना किल्ल्यावर नेतो, डॉल्फिन दाखवतो, हे तूच तिला फोनवर सांगत होतास. बाबा गेल्यापासून ती होडी महादूकाकाच्या जिवावर चालली आहे, आणि तांडेल म्हणून होडी हाकायचं त्याचं वय संपलं आहे, हे तुला माहीत होतं. तू पत्त्यांकडे बघत राहिलास. मग एक पत्ता उचलून तुझ्या उजवीकडे ठेवलास.

त्या एका पत्त्यावर तिने लवूला तेव्हा परत पाठवलं. त्या पत्त्यावर तिने मागच्या महिन्यात सुकाणू नवं करून घेतलं. सकाळी उठून ती किनाऱ्यावर जाते आणि होडीवर हात फिरवून येते. मला वाटतं, ती मनात तुझी जागा करते आहे.

आणि तू तिकडे बसून खोट्या कौलाचा पत्ता करतोस.

हे दोन वेगळे विषय आहेत, असं मी मला पुष्कळ समजावलं. खेळ करणारा माणूस हजार गोष्टी सुचवतो, त्यातली एक ही. मी नेहमी नको तिथे अर्थ काढते, असं तूच म्हणायचास. तसंच असेल तर मला एका ओळीत कळव. त्या दिवशीची उजवी खरी होती का?

वर्षाली

२० एप्रिल २०१०

प्रितेश,

तुझा एसेमेस पाहिला. मी तो कॅफेत बसून वाचला आणि सर्वेशसमोर मोबाइल पालथा ठेवला.

“मी नाहीच म्हटलं होतं. गेममध्ये आता बघणाऱ्याची उजवी धरतो, स्क्रीनला एकच उजवी असते. त्या सवयीने आईच्या डावीकडे ठेवला. तुम्ही उलटं समजलात.”

घरी येऊन मी पाट मांडले. आधी तुझ्या जागेवर बसले, मग आईच्या. जुळतं. तुझी उजवी ती समोर बसलेल्या आईची डावी. म्हणजे तू म्हणतोस तसं होऊ शकतं. दोन दिवस मी स्वतःला खात राहिले, की पक्कं ठाऊक नसताना भावावर आळ घेतला. आईच्या ओळखीची माणसं देवळात कौल चुकला की परत लावतात, तसं आपण दादाला परत विचारायला हवं होतं, चूक आपली, वगैरे.

मग मला मोदक आठवला.

तू पत्ता ठेवलास, तशी आई उठली. देवापुढचा मोदक आणून तुझ्या हातावर ठेवला. पायरीवर महादूकाका बसला होता, त्याला तुझ्याबद्दल ओरडून म्हणाली, “म्हादू, झील येतलो हां माझो! यंदाचो हंगाम तेवढो सांभाळ!” महादूकाकाने हात जोडले. तू मोदक खाल्लास. नाही म्हटलेल्या माणसाला कुणी उठून मोदक देत नाही, प्रितेश. तो तोंडात घालताना तुला कळलं होतं, की आईने होय धरलं आहे. उजव्या-डाव्याची चूक असलीच तर ती तेवढ्या क्षणाची. त्यानंतर विसर्जनापर्यंत तू या घरात होतास. होडीजवळ उभं राहून तिने तुला कुठली फळी बदलायची ते दाखवलं आणि तू “बरां” म्हणालास. तिथे कुठली स्क्रीन होती?

चुकून दिलेलं उत्तर तू मुद्दाम तसंच राहू दिलंस. किंवा मुद्दाम दिलंस आणि आता त्याला चूक म्हणतो आहेस. मला दोन्हीतलं कुठलं वाईट ते ठरवता येत नाही आणि ते ठरवण्यात माझे दिवस जात आहेत.

काल महादूकाका भेटला. जाळं शिवत बसला होता. म्हणाला, “बाय, गुडघे गेले माझे. प्रितेश येतलो म्हणान रवलंय. नायतर गणपतीतच झिलाकडे वेंगुर्ल्याक गेलंय असतंय. कधी येता तो?”

मी म्हटलं, “इचारून सांगतंय.”

तो हसायला लागला. “आता आणि काय इचारतंस? मगे कौल कशाक लावलो?”

म्हणजे तुझ्या त्या पत्त्यावर आई एकटीच बसलेली नाही. एक म्हातारा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी रोज पहाटे पाण्यात उतरतो आहे.

आईला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही. तुझं ‘नाही’ माझ्या तोंडून तिला ऐकवायला मी तुझी पोस्टमन नाही. अक्षय तृतीयेला अजून वेळ आहे. तोवर वाट बघते.

वर्षाली

१८ मे २०१०

प्रितेश,

अक्षय तृतीया परवा झाली. तुझा फोन आला नाही. मी केले ते तू उचलले नाहीस.

होडी विकली. कशी ते तुला कळायला हवं.

शनिवारी दुपारी मी घरी तुझ्या सीडीवर शेवटची फेरी तपासत होते. आई मासे धुऊन आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “वायच सरक. माका खेळूक दी.” मी नको म्हणाले. खरंच म्हणाले. म्हटलं, लाईट जाईल, डोळे दुखतील, काय वाटेल ते सांगितलं. ती म्हणाली, “झिलान केलेलो खेळ आवशीन बघूचो नाय काय?” मी उठले.

तिला माउस धरता येईना. म्हणून तिने सांगायचं आणि मी दाबायचं, असं ठरलं. कुर्ली सरकली तेव्हा ती टाळ्या पिटून हसली. “बघ गो, कशी आडवी पळता! ह्या तेचाच डोक्या!” मग तिने कौल लावायला सांगितला. तुझ्या खेळात प्रश्न यादीतून निवडायचा असतो, आणि यादी तू केलेली. मध्ये मोरी आहे का, डावीकडे कुर्ली आहे का. तुला कुणी दुसरं काही विचारू शकणार नाही, याची सोय चांगली केली आहेस. तिने मोरीचं विचारलं. संगणकाने डावी दिली. तिने सरंग्याने मधला पत्ता मारायला सांगितला आणि तिथल्या मोरीने सरंग्याला खाल्लं.

“ह्या कसा? डावी दिल्यान मा?”

“तो खोटो कौल आसा, आये. नवो पत्तो.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. प्रितेश, मला दुसरं काही सुचलं नाही. खेळाचा नियम विचारला तर तो बरोबर सांगायचा, हे मला तिनेच शिकवलेलं आहे.

“कोणी केल्यान हो पत्तो?”

“दादान.”

“कौलाक खोटा देऊचा, ह्या तेका सुचला?”

“लोकांक आवडता म्हणे.”

“लोकांचा मी इचारूक नाय. तेका सुचला?”

मी होय म्हटलं. तुझ्या एसेमेसबद्दल मी एक शब्द बोलले नाही. उजवी-डावी, स्क्रीन, काही नाही. ती पडद्याकडे बघत बसली. तिकडे तुझा संगणक तिच्या खेळीची वाट बघत होता. मग म्हणाली, “माणसाक जा सुचता, ता तेणा आदी खंयतरी केलेला आसता.” आणि उठता उठता, “लवूक सांगणा धाड.”

रविवारी अक्षय तृतीयेला सकाळीच लवू आला. इतके दिवस मागे लागला होता, पण दारात आल्यावर त्यालाच संकोच वाटला. चहाची कपबशी हातात धरून म्हणतो, “वयनी, परत इचार करा. झील आज नाय तर उद्या येतलो.”

“तुका होडी व्हयी काय माझो झील?”

“होडी.”

“मगे होडयेचा बोल.”

तो बोलला. ती एकदाही अडली नाही. नवं सुकाणू नीट बसवलं आहे, पण वल्ह्याची एक कडी सैल आहे, हेही तिने आपणहून सांगितलं. महादूकाका कुंपणाशी उभा होता. संध्याकाळी येऊन आईच्या पाया पडला आणि तळेऱ्यापर्यंत गाडी मिळते का बघायला गेला, तिथे त्याची बहीण असते. तिला भेटून मग वेंगुर्ल्याला जाणार.

आई रडली नाही. जेवली. तू दूर असल्यामुळे तुला हे बघावं लागलं नाही. माझा सगळा राग इथे आहे. होडी जायचीच होती, हे मलाही कळतं. तू नाही म्हटलं असतंस तर ती चतुर्थीतच गेली असती, आईने चार शिव्या घातल्या असत्या, विसर्जनाला तुझ्यासाठी पातोळे केले असते, आणि सगळं संपलं असतं. एवढ्या सोप्या गोष्टीला तू भ्यालास. त्या भिऊन केलेल्या गोष्टीचा नंतर पत्त्याचा गुण केलास, त्याला चित्र काढलंस, नाव दिलंस, आणि माझ्याकडे तपासायला पाठवलंस.

वर्षाली

१ जून २०१०

प्रितेश,

कबूल केलेलं काम पुरं करते आहे. खोटा कौल एका डावात एकदाच वापरता येईल असं केलंस आणि तो वापरल्यावर सगळ्यांना दिसेल अशी व्यवस्था केलीस, तर लोक परत प्रश्न विचारायला लागतील. कॅफेत कागदावर पत्ते काढून मी हे खेळून पाहिलं. मग डाव चांगला होतो. आधीपेक्षाही चांगला होतो. पहिला प्रश्न फुकटचा विचारून समोरच्याचं खोटं खर्ची पाडायचं आणि मग खरा प्रश्न टाकायचा, अशी नवी युक्ती मुलांनी लगेच काढली. हे मला लिहावं लागतं आहे याचा मला संताप येतो, पण ते खरं आहे. फक्त त्या पत्त्याच्या नावात कौल हा शब्द ठेवू नकोस. दुसरं कुठलंही नाव दे.

यापुढच्या सीड्या मला पाठवू नकोस.

परवा रविवारी तू फोन केलास. होडीचं माझ्या पत्रातून कळल्यावर केलास, हे मला समजलं. मी बोलले नाही, आईकडे दिला. तू तिकडून काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. आई बराच वेळ नुसती हं हं करत होती. तिने होडीचं काढलं नाही, चतुर्थीला येणार का विचारलं नाही, कधी सुटी आहे ते विचारलं नाही. शेवटी म्हणाली, “जेवलंस?”

तू होय म्हणाला असशील. ती “बरां” म्हणाली आणि फोन ठेवला.

मग पदराने रिसीव्हर पुसत उभी राहिली. मी तांदूळ निवडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाली, “खराच जेवलो आसात काय गो तो?”



वर्षाली